साहेबांची वाटी

मुलुंडच्या दोन खोल्यांत सुलक्षणाने सत्यनारायण घातला, तो काही देवासाठी नव्हे. नवऱ्याची बढती साहेबांच्या हातात होती आणि साहेब प्रसादाला येणार होते. तिने परातभर शिरा डालड्यात केला, वास दाबायला सढळ हाताने वेलची घातली आणि साहेबांपुरती एक वाटी तेवढी साजूक तुपात करून फडताळात झाकून ठेवली.

"अगं, देवाला डालडा?" जयवंत कुजबुजला.

"देव बढती देणार आहे का? आणि आईंना मी साजूक तूपच सांगितलंय. तुम्ही तोंड उघडू नका."

साहेब आले, पाटावर बसले. सुलक्षणाने लगबगीने ती खास वाटी पुढे केली. साहेबांनी एक कण कपाळाला लावून तोंडात टाकला आणि वाटी परत केली.

"वहिनी, शिरा म्हणजे माझा जीव की प्राण! पण छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी साजूक तूप बंद केलंय. डालड्यातला असता, तर मागून मागून खाल्ला असता."

सुलक्षणाचा हात आशेने परातीकडे गेला. तेवढ्यात सासूबाई ताठ मानेने म्हणाल्या,


"छे हो साहेब! देवाला डालडा दाखवणारं घर नाही आमचं."