दोन आणि तीन

वहिनीच्या लॅपटॉपला जोडलेले दोन्ही मॉनिटर काळे ठिक्कर होते आणि तिची मीटिंग तोंडावर आली होती. केबल बदलल्या, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. सेटिंगमध्ये मात्र तिन्ही स्क्रीन व्यवस्थित जोडलेले दिसत होते. लॅपटॉप धडधडीत खोटं बोलत होता.

शेवटी मी स्क्रीन ओळखायचं बटण दाबलं. ते दाबलं की प्रत्येक स्क्रीनवर त्याचा आकडा उमटतो. लॅपटॉपवर एक आला. मॉनिटर ढिम्म.

टेबलापलीकडून माझ्याकडे बघत वहिनी म्हणाली, "आले की, भाऊजी! दोन आणि तीन."

"कुठे?"

"तुमच्या चष्म्यात. एकेका काचेत एकेक."

चष्मा मी मघाशीच काढून ठेवला होता. लॅपटॉपशेजारी तो मिटून पडला होता.