दोन खोल्यांचं घर

"दुसरी बेडरूम कुठंय?" मी भिंतीतल्या कपाटाचं दारसुद्धा उघडून पाहिलं.

घरमालकीणबाईंनी शांतपणे बोटं मोजली. हॉल ही एक, बेडरूम ही दुसरी. जाहिरातीत 'दोस आम्बिएन्तेस', म्हणजे दोन खोल्या, असंच तर लिहिलं होतं! इथं ब्वेनोस आयरेसमध्ये हॉलही खोलीच धरतात. मी मात्र सवयीनं टू बीएचके समजून पुण्यातूनच करार करून मोकळी झाले होते.

आमच्या लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. संसार मांडून द्यायला सासू-सासरे महिनाभरासाठी सोबत आलेले. कौस्तुभ माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"आई, बेडरूम तुम्ही दोघं घ्या," मी खालमानेनं म्हटलं. "आम्ही हॉलमध्ये झोपू."

सासूबाई सगळं घर फिरून आल्या. "या बाई बरोबर मोजतायत की! सोलापूरला गिरणीच्या चाळीत आमच्याही दोनच खोल्या होत्या. एक बाहेरची, एक आतली. माणसं नऊ."

"मग झोपायचात कसे?"

"आतली खोली नव्या जोडप्याची. माझ्या सासूबाई कडाक्याच्या थंडीतही बाहेर गॅलरीत झोपल्या, पण हा नियम त्यांनी मोडला नाही."

एवढं बोलून त्यांनी आमच्या बॅगा बेडरूममध्ये ढकलल्या.

तोवर नानांनी, माझ्या सासऱ्यांनी, बाल्कनीत चादर अंथरलीसुद्धा होती. "ही गॅलरी माझी हं," ते तिथूनच ओरडले. "चाळ सोडल्यावर तीस वर्षांनी परत मिळालीय!"