रुखवतातलं जनावर

"ओढू नका आई. नुसता पंचा धरून बसा, ती आपणहून पुढे सरकेल." ऋताचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून हे काम सासूबाईंच्या गळ्यात पडलं होतं.

सुनेने रुखवतात अजगर आणला, हे कुमुदिनीबाईंनी सगळ्या सोसायटीला ऐकवलं होतं. त्या जनावराच्या पेटीला त्यांनी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पण या वेळी त्याची कात तोंडापाशीच अडकली. डोळ्यांवरचे दुधाळ पापुद्रे सुटेनात. असेच राहिले तर डोळे जातील, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाईंनी कोमट पाण्यात भिजवलेला पंचा मुठीत धरला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "सोड."

मुठीत काहीतरी शिरलं. ते बुळबुळीत असेल असं त्यांना वाटलं होतं. पण ते नुसतं बळ होतं. संथ, पोटातल्या बाळाने कूस बदलावी तसं. बाईंनी डोळे उघडले. जुनी कात पंच्याला चिकटून उलटी होत मागे राहत होती आणि पुढून, नव्या इरकलीची घडी मोडावी तसं लखलखीत नक्षीचं अंग बाहेर येत होतं. पापुद्रेही कातीबरोबरच निघाले होते. दोन काळेभोर डोळे बाईंकडे बघत होते.

"आई, जमलं!" ऋता ओरडली.

"हळू बोल गं," बाई कुजबुजल्या आणि मांडीवरच्या वेटोळ्यावर त्यांनी पदर ओढला. "आत्ता तर जन्मलीय ती."