आप्पांचा बाक

आप्पांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या हातानं एकच वस्तू केली होती, ती म्हणजे परसातला लाकडी बाक. परवा त्याच्या टोकाला बसायला गेले, तर दुसरं टोक वर आणि आप्पा धाडकन जमिनीवर!

आवाज ऐकून शेजारचा सुतार आला, वाकून बघितलं आणि पोट धरून हसला.

"आप्पा, पाय केवढे आत ठोकलेत! एका टोकाला कुणी टेकलं की हा कलंडणारच. पहिल्या दिवसापासून पाडत असेल तुम्हाला."

"छे रे. लग्न झाल्या झाल्या केलेला. इतक्या वर्षांत एकदाही पाडलं नाही त्यानं."

"मग आता मधोमध बसत जा."

आप्पा धोतराची माती झटकत राहिले.

"मधे बसायची सवय नाही रे. त्या टोकाला ही असायची ना."