सांध्यातला शेंगदाणा

"एक बटण दाबलं की पाचही सांधे बदलून गाडीचा मार्ग तयार!" चिवड्याचा बकाणा भरत निवृत्त स्टेशनमास्तर जेवणाच्या टेबलावरची छोटी आगगाडी दाखवत होते. "भिवाजी, तुझ्यासारख्या सांधेवाल्याची गरजच संपली."

त्यांच्याच हाताखाली तीस वर्षं सांधे बदललेला भिवाजी नुसता हसला.

साहेबांनी ऐटीत मोबाईलवरचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, गाडी निघाली आणि दुसऱ्याच सांध्यावर आडवी झाली.

भिवाजीने सांध्यात अडकलेला शेंगदाणा नखाने काढला. साहेबांना आठवलं, असाच खडा अडकून मेल अकरा मिनिटं खोळंबली, तेव्हा सांधा साफ न ठेवल्याचा मेमो आपणच याला दिला होता.

"साहेब, हा मेमो कुणाच्या नावे काढायचा?"

"माझ्याच," म्हणत साहेबांनी पुरावा तोंडात टाकला.