मागून नेलेली शेवंती

"एवढी एकच सही राहिलीय, सरोजाताई," कौस्तुभ म्हणाला आणि टोपण काढून त्यानं पेन तिच्यापुढे धरलं.

सरोजानं कागद पुन्हा वाचला. पालिकेच्या दवाखान्यात दिवसभर केस पेपर लिहिणारी बाई ती, न वाचता सही करणाऱ्यांतली नव्हे. 'सदर शेवंतीचे रोप मी श्रीमती अनसूयाबाई यांच्या संमतीशिवाय व त्यांच्या नकळत नेले.' खाली तिचं नाव, फ्लॅट नंबर तीनशे चार, सगळं छापून तयार.

"म्हणजे चोरलं," ती म्हणाली.

"तसं नाही हो, फॉर्मॅलिटी आहे." कौस्तुभनं तिला तिसऱ्यांदा समजावलं. आईनं नऊ वर्षं बाल्कनीत खपून ही शेवंती तयार केली, आत हळदीसारखी पिवळी आणि पाकळीच्या टोकाला विटकरी. अशी दुसरी कुठे नाही. आता अशा नव्या वाणांची सरकारदरबारी नोंद होते. नोंद झाली की आईला विचारल्याशिवाय कुठल्याच नर्सरीला ती विकता येणार नाही, आणि फुलाला नाव लागणार 'अनसूया'. वकिलाचं म्हणणं एवढंच, की आईनं आपल्या राजीखुशीनं रोप पूर्वी कुणाला दिलेलं नको. दिलं असेल तर वाण नवा कसा म्हणायचा? कुणी न विचारता नेलं असेल तर मात्र अडत नाही.

इंद्रलोक वसाहतीतल्या त्या इमारतीत ही शेवंती अकरा घरांत होती. चोरून आणलेलं रोप जोमानं लागतं, हे बायकांचं जुनं शास्त्र. कुणी आलं की अनसूयाबाई चहा टाकायला म्हणून आत जायच्या आणि आलेली बाई फुटवा खुडून पर्समध्ये टाकायची. हसत हसत चोर झालेल्या या बायकांनी हसत हसतच सह्या केल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या नीलमनं तर सहीशेजारी फूलही काढलं होतं.

"मी नाही चोरलं," सरोजा म्हणाली. "काकू, तुम्ही मलाही म्हणालात, मी आत जाते, तू खुड. मी म्हटलं, द्यायचं तर हातात द्या. मग तुम्ही मुळासकट काढलंत, ओल्या फडक्यात गुंडाळून दिलंत. आठवतंय ना?"

अनसूयाबाई सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं.

"इतकं कुठे लक्षात राहतं ग," त्या म्हणाल्या.

कुठल्या कुंडीला कधी खत घातलं, कुठली कळी कुठल्या दिवशी उमलली, हे नऊ वर्षं वहीत तारीखवार लिहिणारी ही बाई. सरोजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमच्या गावात काही हरवलं की पहिल्यांदा आमच्या वस्तीत यायचे," ती म्हणाली. "चारचौघांत माझ्या आईचं गाठोडं उलटं करायचे. एकदाही काही सापडलं नाही, तरी पुढच्या वेळी पुन्हा यायचेच. म्हणून मी तुमच्या घरात गमतीतसुद्धा चोरी केली नाही. आणि तुम्ही मला चोर म्हणून छापून आणलंत?"

"त्याचा इथे काय संबंध?" कौस्तुभ म्हणाला. "इथे कोण बघतंय ते? बाकीच्या दहा जणींनी केल्याच ना सह्या."

"त्यांनी चोरलं होतं."

कौस्तुभनं घड्याळ बघितलं. "ठीक आहे, सही राहू दे. कुंडी तेवढी परत आणून द्या. तुमच्याकडे रोप नव्हतंच, असं होईल. विषय संपला."

वा रे न्याय! चोरांच्या कुंड्या चोरांकडे, आणि जिनं मागून नेलं तिनं तेवढी परत करायची. सरोजा अनसूयाबाईंकडे बघत राहिली. 'मी दिलं होतं', एवढंच त्यांनी म्हणायचं होतं.

"दे ना ग, सरोजा," शेवटी त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं घातलीत मी. तुझं एका कुंडीनं काय जातंय?"

सरोजानं पेन टीपॉयवर ठेवलं. "फुलाला तुमचंच नाव लागायला पाहिजे, काकू. मेहनत तुमची आहे. पण त्यासाठी माझं नाव नासवायचं नाही," असं म्हणून ती बाहेर पडली.

घरी आल्यावर तिनं रेघांचा कागद घेतला आणि केस पेपरवर लिहायची तशा सुट्या, ठसठशीत अक्षरांत चार ओळी लिहिल्या. मग खाली जाऊन जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या वेळांच्या शेजारी, तो कागद लावला. सोसायटीचे सेक्रेटरी आत्मारामकाका भाजीची पिशवी घेऊन आत येत होते. तिचा चेहरा बघून ते कागद न वाचताच म्हणाले, "तक्रार असेल तर आधी कमिटीला लेखी द्यायची, सरोजाताई. अशी थेट बोर्डावर लावता येत नाही."

सरोजानं चौथी टाचणी अंगठ्यानं आत दाबली आणि बाजूला झाली. काकांनी चष्मा वर केला.

'दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी मागितले म्हणून श्रीमती अनसूयाबाई यांनी आपल्या नव्या शेवंतीचे रोप राजीखुशीने, स्वतःच्या हाताने मला दिले. सरोजा, ३०४.'

"तक्रार कुठाय, काका?" ती म्हणाली. "आभार मानलेत."