मोडेमचा पत्ता

नर्सनं टीव्हीच्या कपाटामागं हात घालून मोडेम उलटा केला. तळाच्या स्टिकरवरचा पासवर्ड फोनमध्ये टाकून ती मोडेमचं पान उघडायची वाट बघू लागली.

दुसऱ्या हातात चिठ्ठी होती. हॉस्पिटलातल्या कॉम्प्युटरवाल्यानं त्यावर चार आकडे लिहून दिले होते. तिच्याविरुद्धचा निनावी मेल ज्या घरच्या इंटरनेटवरून आला, त्या घराचा हा इंटरनेटवरचा पत्ता. 'ही बाई डॉक्टरांच्या खोलीत तासन्‌तास काय करते, चौकशी करा,' असं त्यात होतं. चौकशी लागली. हेड नर्सची बढती हातातोंडाशी येऊन गेली.

"एकदा घरचा मोडेम बघा, ताई," कॉम्प्युटरवाला मान खाली घालून म्हणाला होता. "फक्त तो बंद करू नका. बंद करून चालू केला की पत्ता बदलू शकतो."

"काय शोधतेस?" नवऱ्यानं सोफ्यावरून विचारलं. गेले पंधरा दिवस तोच तिला धीर देत होता. लोक जळतात गं, म्हणत होता.

"आपल्या मोडेमचा पत्ता. मेल कुठून आला ते त्यावरून कळतं म्हणे."

तो ताडकन उठला. "सकाळपासून नेट रडतंय. थांब, एकदा बंद करून चालू करतो."

बटणापाशी पोचायच्या आत तिनं त्याचं मनगट पकडलं. सवयीनं तिची बोटं बरोबर नाडीवर पडली. नाडी नुसती धावत होती.

पान उघडलं. चारही आकडे तेच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का?"

"बढती मिळाली असती तर तू घरात दिसली तरी असतीस का? वाटलं, चार लोक बोलतील, मग कंटाळून आपणहून नोकरी सोडशील. तुझ्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी?" पर्समधली मेलची प्रत काढून तिनं त्याच्या छातीवर आपटली. "वाच. मोठ्यानं वाच."

"अगं, आत आई आहे."

"असू दे. वाच!"

त्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला. 'डॉक्टरांच्या खोलीत'पाशी तो थांबलाच.

स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी होती, हात ओलेच. सगळं ऐकलं होतं तिनं. ती सुनेकडे नाही, मुलाकडे बघत होती.

"थांबलास का रे?" ती म्हणाली. "लिहिताना बरा थांबला नाहीस."